टायरलाही थंडी वाजते

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

डिसेंबर उजाडला की आमच्या नाशिककडच्या वर्तमानपत्रात दोन बातम्या ठरलेल्या असतात. निफाडचा पारा किती उतरला ही एक, आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटल्या ही दुसरी. त्यांच्या मागोमाग महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर दवबिंदू गोठल्याचा फोटो येतो. आपली थंडी ती एवढीच. तेवढ्यासाठी आपण स्वेटर काढतो, कानटोपी काढतो, गोधडीला ऊन दाखवतो. पण थंडी आली म्हणून मोटारीचे चारही टायर बदलायचे असतात, असं कुणी सांगितलं तर आपण हसू. मी हसत नाही, कारण माझी सगळी नोकरी रबरात गेली. टायरच्या कारखान्यात, रबराचं मिश्रण तयार करणाऱ्या खात्यात, मी एकतीस वर्षं होतो. मात्र आमची सारी झटापट उष्णतेशी. तापलेल्या डांबरावर, दुप्पट माल भरलेल्या ट्रकखाली टायर टिकावा कसा, ही आमची चिंता. थंडीत टायर चालावा कसा, हा प्रश्न आमच्या खात्यात कधी कुणी विचारला नाही. तो मला निवृत्तीनंतर, तोही घरातूनच विचारला गेला.

माझी लेक आणि जावई कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या किचनर गावी असतात. लेक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. रुग्णालय शेजारच्या ग्वेल्फ गावात, घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. सकाळची पाळी सातला सुरू होते, म्हणजे हिवाळ्यात अंधारातच घर सोडायचं. मधला रस्ता बराचसा दुपदरी, मध्ये दुभाजक नाही, समोरून मोठमोठे ट्रक येतात. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी तिथे पहिली गाडी घेतली, वापरलेली, लहानशी. आणि ऑक्टोबरात फोन आला. ‘‘बाबा, इथे कामावर सगळे म्हणतात विंटर टायर घेच. गाडी विकणारा म्हणतो, आहेत ते ऑल सीझन आहेत, म्हणजे सगळ्या ऋतूंचे, काही गरज नाही. तुम्ही सांगा काय करू?’’

खर्च विचारला. चार टायर, त्यांच्यासाठी साध्या लोखंडी रिम आणि बसवणावळ मिळून साडेअकराशे कॅनेडियन डॉलर. आपले त्या वेळचे सत्तर हजार रुपये. मागून जावई हळूच म्हणाले, ‘‘बाबा, ते पैसे तुमच्या दोघांच्या तिकिटासाठी बाजूला ठेवलेत, म्हणून जरा विचार करतोय.’’ आमचा फोन स्पीकरवर होता. सौ. पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

शेजारच्या क्वेबेक प्रांतात हे लोक राहत असते तर विचाराला जागाच नव्हती. तिथे २००८ सालापासून हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. आधी ही सक्ती १५ डिसेंबरपासून असे, २०१९ पासून ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी झाली. ऑन्टारिओत मात्र अशी सक्ती नाही. घ्या किंवा घेऊ नका, तुमची मर्जी. आणि जिथे मर्जी असते तिथे हिशेब आपल्यालाच करावा लागतो. मी लेकीला म्हटलं, ‘‘चार दिवस दे. नीट बघून सांगतो.’’

आता आधी रबराचं बोलू. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते. सकाळी ती उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही. रबर तसं एकाएकी गोठत नाही, पण गार होत गेलं की हळूहळू ताठर होत जातं. पुरेसं गार केलं तर ते काचेसारखं ठिसूळ होतं. हातोडी मारली तर तुकडे उडतात. प्रत्येक रबराचं हे काचेसारखं होण्याचं तापमान वेगळं असतं. आमच्या प्रयोगशाळेत ते मोजण्याचं काम रोजचंच होतं. तुमच्या गाडीचा टायर त्या टोकापर्यंत कधी जात नाही. पण त्या दिशेने तो जेवढा सरकतो, तेवढी त्याची रस्त्यावरची पकड कमी होते.

असं का? टायरचा रस्त्याला टेकलेला भाग फार थोडा असतो. एका चाकाखाली साधारण पोस्टकार्डाएवढा. अशी चार पोस्टकार्डं म्हणजे तुमची सगळी गाडी. डांबरी रस्ता वरून सपाट दिसला तरी जवळून पाहिला तर खडबडीत असतो. मऊ रबर त्या खाचाखोचांत शिरतं, दबतं, पुन्हा वर येतं, आणि या दबण्या-उठण्यातच ते रस्त्याला धरून ठेवतं. ताठर झालेलं रबर खाचांत शिरतच नाही, वरच्या वर घसरत जातं. चप्पल नवी कोरी, कडक तळव्याची असली की ओल्या फरशीवर पाय सटकतो, तसं.

म्हणून उन्हाळी टायर आणि हिवाळी टायर यांच्यातला पहिला फरक नक्षीचा नसून मिश्रणाचा आहे. हिवाळी टायरमध्ये फार खालच्या तापमानापर्यंत लवचिक राहणारी रबरं जास्त घालतात. काजळीबरोबर, किंवा काजळीच्या जागी, सिलिका घालतात. सिलिका म्हणजे वाळूचीच एक अतिशय बारीक, गाळीव बहीण. १९९० च्या दशकात ती टायरमध्ये मोठ्या प्रमाणावर आली आणि ओल्या व थंड रस्त्यावरचं गणित बदललं. शिवाय मऊपणासाठी तेलं असतात. युरोपात एक आकडा सर्रास सांगितला जातो, सात अंश सेल्सिअस. पारा सातच्या खाली राहू लागला की टायर बदला. माझ्या मते या सातला फार पवित्र मानू नये. आठला टायर उत्तम आणि सहाला निरुपयोगी असं काही होत नाही. पण लक्षात ठेवायला सोपी खूण म्हणून ती बरी आहे. आणि किचनरला जानेवारीत दिवसरात्रीची सरासरीच उणे सहाच्या आसपास असते, तेव्हा सहा की आठ हा वाद तिथे उरतच नाही.

दुसरा फरक नक्षीचा. हिवाळी टायर हातात घेऊन पाहिला तर त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा दिसतात. टायर रस्त्याला टेकला की या चिरा उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा बर्फाला बोचकारतात. गंमत मोठ्या खाचांची आहे. चिखलात टायरच्या खाचा चिखलाने भरल्या तर आपण वैतागतो. बर्फात उलट. खाचांत बर्फ भरावा अशीच रचना केलेली असते. कारण बर्फावर रबरापेक्षा बर्फच जास्त घट्ट धरतो. भुरभुरीत बर्फाचे दोन गोळे एकमेकांवर दाबले की ते चिकटतात, तेच इथे घडतं. चाकातला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो.

इथे आपल्या भाषेची एक अडचण सांगतो. आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. लेकीच्या फोनवरून मला कळलं की तिथे रस्त्यावर निदान चार प्रकार असतात. ताजा, पिठासारखा भुरभुरीत. गाड्यांनी दाबून घट्ट केलेला. मिठाने अर्धवट विरघळलेला, राखाडी रंगाचा लगदा. आणि चौथा, सगळ्यांत घातकी, काळा बर्फ. तो काळा नसतो. काचेसारखा पारदर्शक असतो आणि खालचं डांबर दिसतं म्हणून काळा वाटतो. रस्ता ओला आहे असं वाटतं आणि चाक त्यावर गेलं की सुकाणू हातात हलकं होतं. बर्फ कसा घसरडा असतो तेही विचित्र आहे. कडाक्याच्या थंडीत, उणे वीसला, तो त्या मानाने कमी घसरडा. शून्याच्या जवळ असताना त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो, आणि तेव्हाच तो सर्वांत जास्त निसटतो. म्हणजे आज थंडी कमी आहे, जरा निर्धास्त जाऊ, हा विचार तिथे उलटा पडू शकतो.

विक्रेता म्हणतो ते ऑल सीझन प्रकरण काय आहे? उत्तर अमेरिकेत बहुतेक गाड्या कारखान्यातून याच टायरवर येतात. हे टायर वाईट नसतात. पाऊस, ऊन, हलकी थंडी यांत उत्तम चालतात. त्यांच्या कडेवर बहुधा एम आणि एस अशी अक्षरं असतात, म्हणजे चिखल आणि हिम. पण ही अक्षरं नक्षीत खाचांची जागा पुरेशी आहे एवढंच सांगतात. बर्फावर कसोटी घेऊन ती मिळालेली नसतात. खरी खूण वेगळी आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, असं छोटं चित्र टायरच्या कडेवर कोरलेलं असतं. ते मिळवायचं तर दाबलेल्या बर्फावर ठरावीक तुलनेच्या टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त पकड मोजून दाखवावी लागते. ही चाचणी दाबलेल्या बर्फाची आहे, काचेसारख्या बर्फाची त्यात नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही, अक्षरं आणि चित्र यांत मी डोळे मिटून चित्र निवडीन. क्वेबेकनेही २०१४ च्या डिसेंबरपासून हे चित्र असलेलेच टायर हिवाळी धरायला सुरुवात केली. जर्मनीतही तेच झालं. तिथे तारखांची सक्ती नाही, रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला लगदा असला तर योग्य टायर हवा असा नियम २०१० पासून स्पष्ट आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम-एसवाल्या टायरला तिथे हिवाळी म्हणून मान नाही. आपल्या पुण्याची किती तरी मुलं स्टुटगार्टकडे आहेत, त्यांच्या आईवडिलांनी हे जरूर विचारून घ्यावं. पकडलं तर साठ युरो दंड आणि नावावर एक गुण लागतो.

हे सगळं वाचून झालं आणि मी कागद पेन्सिल घेऊन बसलो. शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र यापलीकडे त्यात काही नाही, म्हणून तुम्हालाही सांगतो. गाडी थांबायला किती अंतर घेते हे दोन गोष्टींवर ठरतं, वेग आणि पकड. पकड निम्मी झाली की अंतर दुप्पट. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. कोरड्या डांबरावर ताशी पन्नास किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून चौदाएक मीटरमध्ये थांबते. आता रस्त्यावर दाबलेला बर्फ आहे असं धरू. हिशेबापुरती साध्या टायरची पकड ०.२ आणि हिवाळी टायरची ०.३ धरली. फरक दिसायला केवढासा! पण हिवाळी टायरची गाडी तेहेतीस मीटरला थांबते आणि साध्याची एकोणपन्नास मीटरला. मध्ये सोळा मीटर, म्हणजे चार गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा.

मी या आकड्याने तेवढा हललो नाही. पुढच्या आकड्याने हललो. दोन्ही गाड्यांनी एकाच रेषेवर ब्रेक लावला. जिथे पहिली गाडी थांबून उभी आहे, त्या जागेवरून दुसरी जाईल तेव्हा तिचा वेग किती उरलेला असेल? शून्याच्या आसपास असेल असं वाटतं. नाही. ताशी एकोणतीस किलोमीटर. समोर मुलांना रस्ता ओलांडू देण्यासाठी थांबलेली शाळेची पिवळी बस असेल, तर पहिली गाडी तिच्या मागे उभी आहे आणि दुसरी एकोणतीसच्या वेगाने आत शिरते आहे. मी तो कागद सौ.ला दाखवला. तिने वाचला, घडी घातली आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला. तिकिटाचा विषय तिने त्यानंतर काढला नाही.

तरीही मी लेकीला लगेच ‘घे’ म्हटलं नाही. सत्तर हजार ही काही लहान रक्कम नाही, आणि ज्यांना गरज नाही अशीही माणसं असतात. समजा ती घरूनच काम करत असती, बर्फ पडला की गाडी न काढण्याची मुभा असती, गावातल्या गावात बसने जाता आलं असतं, तर मी म्हणालो असतो, ठेव पैसे. लंडनला राहणाऱ्या माझ्या भाच्याला मी तेच सांगितलं. तिथे सक्ती नाही आणि बर्फ वर्षातून चार दिवस. त्या चार दिवसांत भुयारी रेल्वेने जा. पण लेकीची सातची पाळी. बर्फ उपसणारी नांगरगाडी त्या रस्त्यावर तिच्याआधी गेलेली असेलच याचा भरवसा नाही. रक्ताचे नमुने ‘आज बर्फ आहे, उद्या तपासू’ म्हणत थांबत नाहीत. जिला कधी निघायचं हे ठरवता येत नाही, तिने कशावर निघायचं हे तरी नीट ठरवावं.

पैशाचा हिशेबही पूर्ण करायला हवा होता. हिवाळी टायर घातलेले पाच महिने उन्हाळी टायर झिजत नाहीत, ते घरात बसलेले असतात. म्हणजे आठ टायर एकाच वेळी विकत घेतल्यासारखे वाटले तरी चारांऐवजी आठांवर झीज वाटली जाते. पाच हिवाळे धरले तर साडेअकराशे डॉलरचे वर्षाला दोनशे तीस होतात. रिम वेगळ्या घेतल्यामुळे दर वेळी टायर रिमवरून उतरवून चढवायची मजुरी वाचते आणि टायरच्या कडाही दुखावत नाहीत. ऑन्टारिओत १ जानेवारी २०१६ पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायर लावणाऱ्याला हप्त्यात सूट द्यावीच लागते. ती थोडी असते, पण मागावी लागते. न मागितलेल्या सुटी आपल्याकडेही कोण देतं? पेट्रोल किंचित जास्त लागतं आणि टायर जरा आवाज करतो, हेही मांडलं. मग विम्याची कागदपत्रं पाहिली. तिच्या पॉलिसीत धडकेच्या नुकसानीचे पहिले हजार डॉलर स्वतः भरायचे होते. म्हणजे एकदा घसरून रस्त्याकडेच्या दगडी काठावर चाक आपटलं की टायरचे बहुतेक पैसे तिथेच गेले. माणूस दुखावला तर तो हिशेब मी मांडलाच नाही.

जावयांचे दोन प्रश्न होते आणि दोन्ही योग्य होते. पहिला असा की, गाडी पुढच्या चाकांवर चालते, तर दोनच टायर घेऊन पुढे लावले तर? अर्धे पैसे वाचतील. हे मात्र कधीही करू नये. पुढची चाकं घट्ट धरतात आणि मागची सुटी असतात, अशी गाडी सरळ रस्त्यावर छान पळते. वळणावर ब्रेक लागला की पुढचा भाग थांबतो आणि मागचा भाग थांबायचं नाव घेत नाही. तो बाजूने पुढे येतो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. चारही टायर साधे असलेले त्यापेक्षा बरे, निदान गाडी कशी वागेल याचा अंदाज तरी येतो. घ्यायचे तर चार, नाही तर एकही नाही.

दुसरा प्रश्न: ‘‘बाबा, ही गाडी विकून चारही चाकं चालवणारी घेतली तर विंटर टायर लागणार नाहीत ना?’’ हा समज तिकडे फार पसरलेला आहे आणि आपल्याकडेही मोठ्या गाड्यांच्या जाहिराती पाहून तसंच वाटतं. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते चांगली, चढ चढते चांगला. पण थांबायची वेळ आली की ती ताकद काही कामाची नसते. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. थांबवतात ती शेवटी चार पोस्टकार्डं. अँटिलॉक ब्रेकचंही तसंच. ते चाक जाम होऊ देत नाहीत, गाडी वळवता येते, हे फार मोलाचं आहे. पण नसलेली पकड ते आणणार कुठून?

याची प्रचिती मला पुढे प्रत्यक्ष आली. तिकिटं एक वर्ष पुढे ढकलली गेली आणि आम्ही २०२५ च्या जानेवारीत तिकडे गेलो. फेब्रुवारीच्या मध्याला जोरदार बर्फ पडला. एका रविवारी सकाळी लेक मला बंद पडलेल्या दुकानासमोरच्या रिकाम्या वाहनतळावर घेऊन गेली. शेजारचे पंजाबी गृहस्थही उत्साहाने आपली मोठी, चारही चाकं चालवणारी गाडी घेऊन आले. त्यांच्या गाडीला ऑल सीझन टायर होते. तीसच्या वेगाने यायचं, मी उभा आहे त्या खांबाशी ब्रेक पूर्ण दाबायचा आणि मग मी पावलं मोजायची, असं ठरलं. निघताना त्यांची गाडी बाणासारखी निघाली, लेकीची चाकं क्षणभर जागेवर फिरली. ते हसले. मग ब्रेक. लेकीची गाडी माझ्या पंधरा पावलांवर थांबली, त्यांची बावीस पावलांवर. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. बावीसच. म्हाताऱ्याने पावलांनी मोजलेलं हे काही शास्त्रीय संशोधन नव्हे, पण माझ्या कागदावरच्या गुणोत्तराशी ते इतकं जुळलं की मला त्या थंडीतही बरं वाटलं. ते गृहस्थ शांतपणे आपल्या गाडीचे टायर वाकून बघत होते.

या टायरची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक ओळखीचं नाव आहे. जगातला पहिला हिवाळी टायर १९३४ साली फिनलंडमध्ये निघाला, तो ट्रकसाठी. १९३६ साली मोटारींसाठीचा आला, त्याचं नाव हाक्कापेलीटा, आणि ते नाव आजही चालू आहे. तो बनवणारा रबर कारखाना नोकिया नावाच्या गावातला. १९६७ साली हा रबर कारखाना, एक केबल कारखाना आणि कागदाचा धंदा असलेली नोकिया कंपनी एकत्र आल्या, आणि पुढे त्यातूनच आपल्या सगळ्यांच्या खिशातला तो मोबाइल आला. टायरचा धंदा १९८८ मध्ये वेगळा झाला. तेव्हा ज्यांनी नोकियाचा फोन वापरला त्यांचं हिवाळी टायरशी लांबचं का होईना, नातं आहे.

खिळ्यांचे टायरही असतात. टायरमध्ये बारीक धातूचे खिळे बसवलेले, काचेसारख्या बर्फावर ते फार चांगले धरतात. पण उघड्या डांबराला कुरतडून काढतात, म्हणून जर्मनीत १९७५ पासून त्यांना बंदी आहे. ऑन्टारिओतही उत्तर भागातच परवानगी, किचनरला नाही. आपल्याकडे काश्मीरमध्ये टंगमर्गहून गुलमर्गला बर्फात जाताना चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. तो याच प्रश्नावरचा आपला उपाय. चार दिवसांच्या सहलीला तो पुरतो. मात्र साखळ्या बांधून वेगाने जाता येत नाही आणि कोरडा रस्ता लागला की त्या उतरवाव्याच लागतात. पाच महिने रोज पहाटे हे कोण करणार?

टायर घेताना मी लेकीला काही गोष्टी बघायला सांगितल्या होत्या, त्या कुणालाही उपयोगी पडतील. टायरच्या कडेवर चार आकडे एका लंबगोलात असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३१२३ असेल तर तो टायर २०२३ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनला. स्वस्त म्हणून सहा-सात वर्षं गोदामात पडलेला टायर घेऊ नये, रबर न वापरताही म्हातारं होतं. नवीन हिवाळी टायरची खाच आठ मिलीमीटरच्या आसपास असते. कायद्याला बहुतेक ठिकाणी १.६ मिलीमीटर चालते, पण बर्फाच्या कामाला चारच्या खाली गेलेला टायर गेल्यातच जमा. तो मग उन्हाळ्यात संपवावा. हवाही तपासत राहायची. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण एक पाउंडाने कमी होते. वीस अंशांच्या गॅरेजमध्ये तेहेतीस भरलेली हवा बाहेर उणे पंधराला सत्तावीसवर येते. टायरला भोक पडलेलं नसतं, थंडीच पडलेली असते. आणि हिवाळा संपला की हे टायर काढायचे म्हणजे काढायचेच. उन्हात मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं आणि गरम रस्त्यावर त्याचं ब्रेकचं अंतरही वाढतं.

लेकीने टायर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसवून घेतले. पहिला बर्फ पडेपर्यंत थांबलं तर गॅरेजबाहेर रांग लागते, आठ-दहा दिवसांनी वेळ मिळते. बसवून घेतल्यावर शंभर किलोमीटरच्या आत चाकांच्या नट पुन्हा आवळून घ्यायच्या, हे तिथले गॅरेजवाले सांगतात आणि ते ऐकावं. उन्हाळी टायर ठेवायचे कुठे हाही प्रश्नच होता, त्यांच्या इमारतीत जागा नाही. शेवटी ते दिवाणखान्यातल्या कपाटामागे, पिशव्यांत घालून, रिमसकट एकावर एक रचले. आम्ही गेलो तेव्हा त्यावर फळी टाकून सौ.ने देव्हारा मांडला होता. जावई म्हणाले, यामुळे तरी घरात स्टूल घ्यावं लागलं नाही.

आणखी एक. मुलांकडे हिवाळ्यात जाणारे आईवडील आता पुष्कळ आहेत, आणि तिकडे पोचल्यावर फिरायला भाड्याची गाडी घेतली जाते. क्वेबेकमध्ये भाड्याच्या गाडीलाही हिवाळी टायर सक्तीने असतात. ऑन्टारिओत ते असतीलच असं नाही, बरेचदा ऑल सीझनवरच गाडी हातात येते. तेव्हा गाडी ठरवतानाच विचारा, जास्तीचे पैसे लागले तर किती तेही विचारा, आणि चावी घेण्याआधी टायरच्या कडेवर वाकून ते डोंगराचं चित्र आहे ना एवढं बघून घ्या. रात्री अकरा वाजता, बर्फ पडत असताना, विमानतळाच्या काउंटरवर ही चौकशी सुरू केली तर तिथला माणूस नम्रपणे मान हलवतो आणि जी गाडी उरली असेल तिची चावी पुढे करतो.